परदेशी गेलेला शिक्षक
(रत्नागिरी येथील सभेत केलेले भाषण)



आमच्या रत्नागिरीची माणसे पोटासाठी मुंबईस गेली, समुद्रापलीकडेही गेली. आता आमची शिकलेली मुलेमुली मास्तरकी करण्यास परदेशी निघतात. त्यांस आम्ही एक हकीकत सांगतो.

वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे हे गदर चळवळीतले क्रांतिकारक. इंग्रजी अमलामुळे मायदेशाची वाट बंद झाली, तेव्हा १९२४ साली ते मेक्सिकोस गेले व चापिंगो येथील शेतकी विद्यालयात अध्यापक झाले. मुलूख परका, भाषा स्पॅनिश. पण ते वर्गातच बसून राहिले नाहीत. तिथल्या शेतकऱ्याच्या मक्यावर त्यांनी प्रयोग केले, शेतकऱ्यांसाठी शाळा काढल्या. दिएगो रिवेरा या नामांकित चित्रकाराने त्यांस भिंतीवरील चित्रात रंगविले. २०२२ साली चापिंगोत त्यांचा पुतळा उभा राहिला.

जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे हेच मागितले होते. खेड्याचा शिक्षक होता होईल तो शेतकरी वर्गातला असावा, वेळ पडल्यास नांगर किंवा सुताराचा वाकस हाती धरणारा असावा, गोरगरिबांत मिसळणारा असावा. मेक्सिकोत जे साधले, ते आमच्या गावात का साधू नये? आमचाच शिकलेला मुलगा बापाच्या पायांवरील चिखलाची लाज धरतो, हे आमचे दुखणे आहे.

म्हणून मुलांनो, खुशाल जा. तिथल्या मजुराची बोली आधी शिका, मग त्याच्या पोरास शिकवा. आणि घरी याल तेव्हा लावणीच्या चिखलात उतरा. ज्यास घरचा चिखल परका, त्यास परमुलूख आपला होत नाही.