सातपुड्याच्या दोन उतारांवरचा एकच माणूस



 आम्ही कलमे पाठ म्हणून दाखविणार नाही. शिरपूरहून आग्रा रस्त्याने पळासनेर ओलांडले की पुढे सेंधवा लागते. तेवढ्या वाटेवर आपली घटना माणसाला कोठपर्यंत सोबत करते, इतकेच आज पाहावयाचे आहे.

त्या रस्त्यावर अलीकडे धुळे जिल्हा, पलीकडे बडवानी. चोपडा, यावल, रावेर ह्या जळगावकडील तालुक्यांचीही तीच गोष्ट. डोंगर चढून उतरले की खरगोन, नाहीतर बऱ्हाणपूर. दक्षिण उतारावर ज्याला पावरा म्हणतात, तोच उत्तर उतारावर बारेला. बोलीत फार अंतर नाही आणि सोयरिकी तर एकमेकांत चालूच आहेत. बाजार जवळ पडेल तिकडचा. डोंगरावर रेघ कोठे आहे, हे बैलालाही ठाऊक नसते. ते फक्त कचेरीला ठाऊक असते.

घटनेच्या १९ व्या कलमाने प्रत्येक नागरिकाला देशभर संचाराचे आणि कोठेही वस्ती करण्याचे स्वातंत्र्य दिले. हे लहान दान नव्हे. अमेरिकेत १९४१ साली गरीब माणसाला राज्यात आणणे हाच गुन्हा ठरविणारा कॅलिफोर्नियाचा कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, पण तो कशाच्या आधारावर? आंतरराज्य व्यापाराच्या! म्हणजे माणूस सुटला तो मालाच्या गाडीत बसून. चार न्यायमूर्तींनी मात्र, हा नागरिकत्वाचा हक्क आहे, असे स्वतंत्रपणे नोंदविले. आपल्याकडे तो आडमार्ग घ्यावा लागला नाही.

पण त्याच घटनेत ३४२ वे कलम आहे. अनुसूचित जमातींची यादी राष्ट्रपतींनी करावयाची, ती त्या त्या राज्यापुरती. मुळात ही यादी ६ सप्टेंबर १९५० रोजी निघाली. पुढे प्रश्न आला, की माणूस राज्य बदलतो तेव्हा त्याचे आदिवासीपण त्याच्याबरोबर जाते काय? आंध्रातून मुंबईस आलेल्या कुटुंबातील एका विद्यार्थ्याने वैद्यकीय प्रवेशासाठी हाच सवाल सर्वोच्च न्यायालयापुढे मांडला. १९९० साली घटनापीठाने उत्तर दिले की, जात नाही. मागासलेपण हे त्या त्या मुलखातील परिस्थितीतून येते, आणि बाहेरून आलेल्याला वाटा दिला तर स्थानिक आदिवासीचा घास कमी होतो, अशी त्यामागची विचारसरणी. २०१८ साली दुसऱ्या घटनापीठाने ती कायम ठेवली.

हा युक्तिवाद पोकळ आहे, असे आम्ही म्हणणार नाही. आंध्र ते मुंबई ह्या प्रवासाला तो लागूही पडतो. परंतु ज्याने मुलूखच बदलला नाही, केवळ डोंगराचा उतार बदलला, त्याचे काय? परिस्थिती तीच, दारिद्र्य तेच, सावकारही कित्येकदा तोच. तेथे ‘राज्य’ हा शब्द माणसापेक्षा जड होतो.

नवापूरचे रेल्वे स्टेशन आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. १ मे १९६० पर्यंत ते सबंध एकाच मुंबई राज्यात होते. राज्य विभागले तेव्हा पश्चिम खानदेशातील नवापूर, नंदुरबार, तळोदे, अक्कलकुवा ह्या तालुक्यांतली काही गावे गुजरातेत गेली. माणसे जागची हलली नाहीत, सीमाच त्यांच्या अंगणातून चालत गेली. अशा माणसांसंबंधी विचार झाला तो फार उशिरा. राज्याची फेररचना झाल्यावर जुन्या राज्यातील माणसाने दोहोंपैकी कोणत्याही एका राज्यात राखीव जागेचा लाभ घ्यावा, मात्र एकाच वेळी दोन्हीकडे घेऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली झारखंडासंबंधीच्या निवाड्यात सांगितले. आम्हांस तो निवाडा शहाणपणाचा वाटतो. मात्र सेंधव्याकडच्या बारेल्याला त्याचा आधार मिळणे कठीण, कारण १९५० साली तो मुलूख मध्य भारतात होता, मुंबई राज्यात कधीच नव्हता.

पोटासाठी सीमा ओलांडणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. धुळे-नंदुरबारकडची जोडपी मुकादमाची उचल घेऊन दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. त्यांच्यासारख्यांसाठी १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा झाला. कंत्राटदाराला परवाना, मजुराला प्रवासभत्ता, शिवाय मजुरीच्या निम्म्याइतका स्थलांतर भत्ता. तो कायदा २०२० च्या संहितेत विलीन करण्यात आला. कागदावर सारे उत्तम होते, पण ज्याची नोंदच नाही त्याला भत्ता कोण देणार? युरोपातील राष्ट्रांनी १९५७ च्या रोम करारापासून कामगाराची विम्याची वर्षे सरहद्दीपलीकडेही मोजावयाचे ठरविले. आपल्याकडे धान्यापुरती अशी सोय झाली. २०२१ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजना ३१ जुलैपर्यंत लागू करावयास सांगितले, तेव्हा खानदेशचे कार्ड बारडोलीच्या दुकानात चालण्याची वाट मोकळी झाली. धान्य सीमा ओलांडू शकते, तर दाखला का नाही?

सेंधव्याकडची बारेला मुलगी शिरपूर तालुक्यात पावऱ्याच्या घरी नांदावयास येते. माहेरी ती अनुसूचित जमातीची. सासरी नवऱ्याचा दाखला चालतो, बापाच्या नावाने मुलांनाही तो मिळतो. तिच्या पेटीतला मध्यप्रदेशचा दाखला मात्र इकडच्या राखीव नोकरीला उपयोगी पडत नाही. शाळा शिकून आलेल्या अशा सुना आता पाड्यापाड्यांत आहेत, आणि अंगणवाडीची वा शिक्षिकेची जागा निघाली की त्या कचेरीत येऊन हाच प्रश्न विचारतात.