उंटाची सर्दी आणि आपण

(हवल्ली येथे मंचाच्या शुक्रवारच्या बैठकीत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



जनावरांच्या विषाणूंवर बोला, असं मला सांगितलं गेलं तेव्हा संयोजकांच्या मनात बर्ड फ्लू होता. त्यावर बोलेनच, पण सुरुवात उंटापासून करते. आपण राहतो तिथून गाडीने तासाभराच्या आत कबदचे गोठे आहेत, आणि हिवाळ्यात आपल्यापैकी निम्मी मंडळी मुलांना घेऊन वाळवंटात जातात.

जून 2012 मध्ये जेद्दाच्या एका रुग्णालयात साठ वर्षांचा एक माणूस न्यूमोनियाने दगावला. तिथल्या प्रयोगशाळेतले इजिप्शियन विषाणूतज्ज्ञ डॉ. अली मोहम्मद झाकी यांना त्याच्या थुंकीत ओळखीचा कुठलाच विषाणू सापडेना. त्यांनी नमुना नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमला पाठवला, आणि तो एक नवा कोरोना विषाणू निघाला. पुढे त्याला मर्स हे नाव पडलं. 2013 च्या नोव्हेंबरात कुवेतमध्येही दोन रुग्ण सापडले. आजपर्यंत जगात 2600 हून अधिक रुग्णांची नोंद आहे आणि त्यांतले शंभरातले सुमारे 36 दगावले. आकडा लहान वाटेल, पण कोविडमध्ये हे प्रमाण याच्या जवळपासही नव्हतं.

हा आला कुठून? आधी वटवाघळांकडे बोट गेलं. मग 2013 मध्ये ओमानच्या उंटांच्या रक्तात याच्या प्रतिपिंडं सापडली, आणि पाठोपाठ कतारच्या उंटांच्या नाकात खुद्द विषाणू. नंतर कुणीतरी जुने फ्रीझर उघडले. सुदान आणि सोमालियातल्या उंटांचे 1983 पासून जपून ठेवलेले रक्ताचे नमुने होते, त्यांतही प्रतिपिंडं निघाली. म्हणजे 'नवा' विषाणू निदान तीस वर्षं उंटांमध्ये सुखाने नांदत होता, फक्त कुणी विचारलं नव्हतं. (शास्त्रज्ञ जुने नमुने का टाकत नाहीत, असं घरचे विचारतात. त्यांना मी हे उदाहरण देते.)

आता गंमत पाहा. उंटाला या विषाणूने फारसं काही होत नाही. नाक वाहतं, तेही बहुधा पिल्लांचं. विषाणूला पेशीत शिरायला एक कडी लागते, डीपीपी4 नावाचं प्रथिन. उंटात ही कडी नाकात भरपूर असते, माणसात ती फुप्फुसाच्या खोल भागात असते. म्हणून उंटाला सर्दी आणि माणसाला न्यूमोनिया. आणि म्हणूनच माणसाकडून माणसाकडे तो सहज जात नाही. रुग्णालय हा मोठा अपवाद. तिथे नळ्या घालताना, श्वासयंत्र लावताना खोलवरचा विषाणू हवेत येतो. 2015 मध्ये आखाती देशांतून परतलेल्या एका व्यावसायिकामुळे दक्षिण कोरियात 186 जणांना लागण झाली, ती मुख्यतः रुग्णालयांमध्येच. जानेवारी 2020 मध्ये सौदीत केरळच्या एका परिचारिकेला 'वुहानचा कोरोना' झाल्याची बातमी आपण सर्वांनी एकमेकांना फॉरवर्ड केली होती, आठवतं? तो मर्स होता. बातमी मागे पडली आणि मर्सही विसरला गेला.

विषाणू प्राण्यातून माणसात येतो म्हणजे नेमका कुणात येतो, हा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न आहे. सौदी अरेबियात दहा हजारांहून अधिक लोकांचं रक्त तपासलं गेलं. ते निष्कर्ष 2015 मध्ये छापून आले. सर्वसामान्य लोकांत फक्त 15 जणांत प्रतिपिंडं होती, म्हणजे 0.15 टक्के. उंट राखणाऱ्यांत हे प्रमाण त्याच्या पंधरा पट आणि कत्तलखान्यातल्या कामगारांत तेवीस पट निघालं. तपासलेले राखणदार शंभराच्याही आत होते, त्यामुळे पटीच्या आकड्याला फार कवटाळू नये, पण दिशा स्पष्ट आहे. आणि ज्यांना लागण होऊन गेली होती ती माणसं रुग्णालयात पोचलेल्यांपेक्षा तरुण होती. तरुण राखणदाराला ताप येतो आणि जातो, आणि तो घरातल्या म्हाताऱ्याला विषाणू देतो, असा संशोधकांचा कयास आहे.

हा राखणदार कोण असतो? सुदानी, बांगलादेशी, पाकिस्तानी आणि आपला भारतीयसुद्धा. ड्रायव्हर म्हणून आणून उंटांमागे ठेवल्याच्या तक्रारी आपण इथल्या वर्तमानपत्रांतून वाचत असतो. कुवेतमध्ये आपण सुमारे दहा लाख भारतीय आहोत, पण आपण इंजिनिअर-डॉक्टर मंडळी आणि तो एकाच देशात राहतो असं म्हणवत नाही. त्याला ताप आला तर दवाखान्यात कोण नेणार, एका दिवसाचा पगार कोण देणार? साथ वेळेवर कळेल की नाही, हे मुळात या प्रश्नांवर ठरतं. माझ्या प्रयोगशाळेतलं महागडं यंत्र त्याच्यापर्यंत नमुना पोचला तरच उपयोगी.

आता आपल्याकडची गोष्ट. नवापूर. हे गाव रेल्वेने सुरतेकडे गेलेल्यांना माहीत असेल, कारण त्याचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. 18 फेब्रुवारी 2006 रोजी भारतातला पहिला बर्ड फ्लू, एच5एन1, इथे जाहीर झाला. कोंबड्या त्याआधीच मरायला लागल्या होत्या. राणीखेत, म्हणजे आपली मानमोडी, असं समजून उपचार चालले होते. यात पोल्ट्रीवाल्यांना दोष देणं सोपं आहे. सुरुवातीची लक्षणं सारखी दिसतात, आणि खरं सांगितलं तर सगळा कळप मारला जाणार, नुकसानभरपाई किती आणि कधी मिळणार ते ठाऊक नाही. अशा माणसाकडून आपण नागरिकशास्त्राच्या पुस्तकातली वागणूक अपेक्षितो. लाखो पक्षी मारले गेले, देशभर चिकनचे भाव कोसळले. नीट शिजवलेल्या चिकनने हा रोग होत नाही, हे कानीकपाळी ओरडून सांगावं लागलं. फेब्रुवारी 2021 मध्ये नवापुरात पुन्हा तेच झालं.

कुवेतही यातून सुटलं नव्हतं. नोव्हेंबर 2005 मध्ये इथल्या किनाऱ्यावरच्या एका रोहित पक्ष्यात एच5एन1 सापडला होता, नवापूरच्याही आधी. आणि हा विषाणू आता फक्त कोंबड्यांचा राहिलेला नाही. मार्च 2024 मध्ये तो अमेरिकेतल्या दुभत्या गायींत सापडला. डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या त्याने मेले.

फरक लक्षात घ्या. कोंबडी मरते, म्हणून निदान दिसतं तरी. उंट मरत नाही, आजारी पडत नाही, म्हणून मालकाला खर्च करायचं कारण नाही. उंटांसाठी एक लस प्रयोगात चांगली ठरली आहे. 2016 मध्ये तिने उंटांच्या नाकातून बाहेर पडणारा विषाणू बराच कमी केल्याचं प्रसिद्ध झालं. पण माणसाला वाचवण्यासाठी उंटाला टोचायची लस कुणाच्या पैशाने टोचायची? याचं उत्तर प्रयोगशाळेत नाही.

या लसीचा पाया म्हणजे देवीच्या लशीतल्याच विषाणूचा एक निरुपद्रवी केलेला प्रकार. त्याचाच एक भाऊबंद आपल्याकडे म्हशींत फिरतो. 2009 मध्ये सोलापूर-कोल्हापूर भागात धारा काढणाऱ्यांच्या हातांवर फोड आले, ते म्हशींच्या देवीचे. उलट 2022 मध्ये लम्पीने राज्यात हाहाकार केला तेव्हा दूध प्यावं की नाही यावर घरोघरी चर्चा झाल्या, आणि लम्पी माणसाला होतच नाही. जो होतो त्याची चर्चा नाही, जो होत नाही त्याची भीती!

दुधावरून आठवलं. वाळवंटात गेल्यावर उंटिणीचं ताजं, फेसाळ दूध आदराने पुढे केलं जातं. कच्चं पिऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही हाच आहे, आणि त्या यादीत कच्च्या दुधाशेजारी उंटाचं मूत्रही आहे. हसू नका, गोमूत्राच्या बाटल्या आपल्यातल्या काहींच्या सामानातून येतात. दूध उकळायचं, ही आपल्या आजीची सवय मात्र शंभर टक्के शास्त्रीय आहे. यजमानाचं मन राखायचं असेल तर खजूर घ्या, कहवा घ्या.

आणि एक. सुट्टीवर गावी गेल्यावर ताप-खोकला आला, तर डॉक्टरांना 'आखातातून आलोय, उंटांजवळ गेलो होतो' हे आपणहून सांगा. मुंबईचा किंवा साताऱ्याचा डॉक्टर उंटाबद्दल विचारणार नाही. हेच तुमच्या ऑफिसातल्या ड्रायव्हरला, इमारतीच्या हारिसला, त्याच्या गोठ्यावर काम करणाऱ्या भावाला त्याच्या भाषेत सांगता आलं तर पाहा. हिंदीतला एक पानी मजकूर मी करून आणला आहे, दाराजवळ ठेवलाय. आता प्रश्न घेऊ.