खाच जुळली म्हणजे झाले काय?



या जिल्ह्यात यंत्रे जुळण्या-न जुळण्याविषयी बोलायचे, तर शकुंतलेचे स्मरण आधी होते. यवतमाळहून मूर्तिजापूरला पूर्वी जी गाडी धावत असे, तिच्या दोन रुळांतले अंतर अडीच फूट. मूर्तिजापूरच्या मुख्य मार्गाचे साडेपाच फूट. कापसाचा डबा तसाच पुढे जाणे शक्य नव्हते. माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरण्यावाचून गत्यंतर नसे.

संगणकासाठी ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरील चित्रांचा भार वाहणारी पाटी, घेताना गृहस्थांच्या मनात हीच धास्ती असते: आमच्या मदरबोर्डाला ती बसेल काय? आमचे म्हणणे असे की, येथे रुळाची अडचण सहसा नसते. २००४ च्या सुमारास पीसीआय एक्स्प्रेस नावाची खाच आली. तिच्या आधीची एजीपी खाच निराळी. तिच्यात आजचे कार्ड शिरतच नाही. पीसीआय एक्स्प्रेसच्या पिढ्या मात्र एकमेकींशी सलोख्याने नांदतात. चौथ्या पिढीचे कार्ड तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर चालते. वेग तेवढा धाकटीचा न मिळता थोरलीचा मिळतो. बहुतेक कार्डांना त्याचे फारसे सोयरसुतक नसते. पण २०२२ साली आलेले रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी सोळांपैकी चारच मार्गिका वापरते. जुन्या बोर्डावर ते चांगलेच मंदावते.

खरी फसगत होते ती विजेत. खाचेतून कार्डाला फार तर ७५ वॅट मिळतात. अधिक हवे असतील तर वीजपुरवठ्याच्या पेटीतून, म्हणजे एसएमपीएसमधून, निराळी तार यावी लागते: सहा टाचण्यांची ७५ वॅटची, आठ टाचण्यांची १५० वॅटची. आरटीएक्स ३०६० हे कार्ड १७० वॅट खाते आणि त्यासाठी ५५० वॅटची पेटी असावी, असे निर्मातेच सांगतात. आता कचेऱ्यांतून निघालेले जुने संगणक पाहा. स्वस्त म्हणून मुलांच्या शिक्षणासाठी ते घरोघर येतात. त्यांतली पेटी बहुधा दोन-तीनशे वॅटची, जादा तार नाही, आणि पुष्कळदा जोडणी अशी खास की बाजारातली दुसरी पेटी लागतच नाही. कापसाच्या चुकाऱ्यातून पंचवीस हजार काढून मुलीच्या अॅनिमेशनच्या अभ्यासासाठी कार्ड आणावे, आणि ते टेबलावर पडून राहावे! उघडलेला खोका दुकानदार परत घेईलच, असेही नाही.

तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी संगणक बंद करून, तार काढून, बाजूचे झाकण उघडावे. बोर्डाचे नाव बोर्डावरच छापलेले असते. वॅटचा आकडा पेटीच्या चिठ्ठीवर. खाचेपासून पुढच्या भिंतीपर्यंत पट्टी लावून कार्डाच्या लांबीशी ताडावी. डबा सडपातळ असेल तर अर्ध्या उंचीचेच कार्ड मागावे. बोर्ड फार जुना असेल तर त्याचे बायोस नव्या कार्डाला ओळखते की नाही, हे निर्मात्याच्या माहितीत पाहावे.

आणि मॉनिटर? घरचा मॉनिटर निळ्या व्हीजीए तारेचा असेल, तर नव्या कार्डांवर ते छिद्रच नसते. त्यासाठी रूपांतर करणारी जोडणी निराळी घ्यावी लागते. तिचे पैसे हिशेबात आधीच धरावेत.