घर आणि आरोग्य
(वार्षिक संमेलनातील भाषण)



१८९६ साली मुंबईत प्लेग आला, तो दाट वस्तीच्या अंधाऱ्या चाळींतून फोफावला. म्हणून १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. रस्ते रुंद करून वस्तीत हवा खेळविणे हा त्याचा एक हेतू. उमरखेड काही मुंबई नव्हे. परंतु धाब्याच्या जुन्या घरांत माजघराला खिडकी क्वचितच. चोराचे भय! क्षयाचे जंतू मात्र अशाच कोंदट खोलीत हवेत तासन्‌तास टिकतात. वारा त्यांना पांगवितो, ऊन मारते. आता स्लॅबची घरे झाली, तरी पुढची उजेडाची जागा आपण दुकानाला देतो आणि मागची अंधारी खोली बाळंतिणीला. मुलगी देताना एकरांची चौकशी करितो. तिच्या स्वयंपाकघराला खिडकी आहे काय, हेही यंदापासून विचारावे, एवढीच विनंती.