उजेडाचा डोंगर

(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज आम्ही एका डोंगराविषयी बोलणार आहोत. डोंगर आपला नाही, आपल्या मुसलमान शेजाऱ्यांचा आहे. आमच्या चाळीतले एक चाचा हजहून आले. त्यांनी खजूर दिले, जमजमचं पाणी दिलं आणि या डोंगराची हकीकत सांगितली. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो, पण आम्हांस हे ठाऊक नव्हतं, याची लाज वाटली. मग मिळेल ते वाचत गेलो.

मक्का शहराच्या ईशान्येला हा डोंगर आहे. नाव जबले नूर, म्हणजे उजेडाचा डोंगर. उंची सुमारे ६४० मीटर. नुसता उन्हात तापलेला कातळ. वर हिराची गुहा. गुहा म्हणजे केवढी, तर लांबीला पावणेचार मीटरच्या आसपास आणि रुंदी दीड मीटरच्या जरा वर. आपल्या चाळीतली खोलीसुद्धा मोठी म्हणायची!

मुहम्मद पैगंबर साहेब लहानपणीच पोरके झाले. पुढे व्यापारात पडले. भोवती गुलामांची खरेदी-विक्री चाले, काही टोळ्यांत जन्मलेली मुलगी जिवंत पुरत. ते शिदोरी घेऊन या गुहेत जात, दिवसच्या दिवस एकांतात चिंतन करीत. इसवी सन ६१०, रमजानचा महिना, वय ४०. इस्लामची श्रद्धा अशी की, तिथे जिब्रील हा देवदूत आला आणि म्हणाला, वाच. ते म्हणाले, मला वाचता येत नाही. तीनदा असं झालं. मग कुराणाचे पहिले शब्द उतरले. आज ते ९६ व्या अध्यायाच्या सुरुवातीला आहेत आणि त्यांत लेखणीचा उल्लेख आहे.

पैगंबर साहेब थरथरत घरी आले. पत्नी खदीजा यांनी त्यांना पांघरूण घातलं, धीर दिला. तुम्ही गोरगरिबांचा भार उचलता, अल्ला तुम्हांला अंतर देणार नाही, असं समजावलं. सर्वांत आधी विश्वास ठेवला तो या बाईने. आमच्या भगिनींनी हे ध्यानात घ्यावं.

आता मुद्द्याचं सांगतो. इस्लाममध्ये या डोंगराची पूजा नाही. तो चढणं हजच्या विधीतही नाही. चाचा पहाटेची नमाज करून चढले ते आपल्या मनाच्या ओढीने. आम्ही विचारलं, वर काय मिळालं? म्हणाले, "दगडच आहेत, बेटा. पण पहिला शब्द इथे आला, म्हणून डोळे भरून आले."

आणखी एक. पैगंबर साहेब डोंगरावर बसून राहिले नाहीत, खाली वस्तीत आले. सुमारे तीन वर्षांनी काबाजवळच्या सफा टेकडीवर उभं राहून त्यांनी लोकांना उघड हाक दिली. शिव्या खाल्ल्या, बहिष्कार सोसला. बिलाल नावाच्या हबशी गुलामाने तो विचार धरला, तर तापल्या वाळूत निजवून त्याच्या छातीवर धोंडा ठेवला. तरी तो हटला नाही. पुढे हाच बिलाल अजान देणारा पहिला माणूस झाला.

बंधूंनो, आमचं शाळेतलं शिक्षण थोडं. रात्री दिव्याखाली अक्षर लावत शिकलो. म्हणून ‘वाच’ हा शब्द आमच्या काळजाला भिडला. मुलांनो, येत्या ईदला शीरखुर्मा खायला जाल तेव्हा दोन घटका बसा आणि या डोंगराची गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐका.

एवढं बोलून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो. जयभीम!