चित्राबाहेर राहिलेला हात

(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



तान्ही मुले व कुटुंबे यांच्या छायाचित्रणावर चार शब्द बोलावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आमचा जन्म अंधाऱ्या खोलीत गेला. धंद्यात तोंडाचे काम दोन शब्दांपुरते, ‘हलू नका’. आमच्या तीर्थरूपांनी १९५८ साली स्टुडिओ काढला, १९६८ पासून आम्ही त्यांच्या हाताखाली उभे राहिलो, आणि आता तो आमच्या सूनबाई सांभाळतात. वयाची पंचाहत्तरी आली. तेव्हा जे दिसले ते सांगून टाकावे, एवढ्याच हिशेबाने उभे आहोत.

‘हलू नका’ या शब्दांमागे मोठा इतिहास आहे. दागेर या फ्रेंच गृहस्थाची पद्धत १८३९ साली जगजाहीर झाली, तेव्हा एका चित्रास कित्येक मिनिटे लागत. पुढे सुधारणा झाल्यावरही काही सेकंद निश्चल बसणे भाग होते. मोठ्या माणसाच्या मानेमागे लोखंडी आधार लावीत. परंतु तान्ह्या मुलास काय लावणार? तेव्हा इंग्लंड-अमेरिकेतील छायाचित्रकारांनी एक युक्ती काढली. आईस खुर्चीवर बसवावयाचे, तिच्यावर डोक्यापासून जाड कापड पांघरावयाचे आणि त्या झाकलेल्या मांडीवर मूल ठेवावयाचे. पुष्कळदा पुठ्ठ्याच्या चौकटीने तिचा उरलासुरला आकारही दडवीत. अशी चित्रे आज तेथील संग्राहकांनी जपून ठेविली आहेत. त्यांत मूल ठळक दिसते, आणि मागे खोळ घातलेल्या सामानासारखे काहीतरी उभे असते. ती त्याची आई.

ही चित्रे प्रथम पाहिली तेव्हा आम्हांस हसू आले. मग एक प्रसंग आठवला आणि हसू जागच्या जागी थांबले.

१९७४ सालची गोष्ट. एक तरुण दांपत्य पाच महिन्यांच्या मुलीस घेऊन आले. मुलगी गोंडस, परंतु पाठीस आधार दिल्यावाचून बसेना. आम्ही तिला गादीवर ठेविले आणि आईस म्हटले, ‘वहिनी, आपण जरा बाजूला व्हा, खाली वाका, आणि हात तेवढा पाठीशी असू द्या.’ ती माउली गादीआड वाकून बसली. छापताना आम्ही कडेचा भाग कापला, हात नाहीसा झाला, आणि मुलगी जणू आपली आपणच बसली आहे असे सुबक चित्र तयार झाले. तीर्थरूपांनी ते दर्शनी काचेत लाविले. आम्हांस अभिमान वाटला, हे लपवीत नाही.

दोन वर्षांनी भर पावसात ते गृहस्थ एकटे आले. पत्नी काविळीने गेली होती. लग्नातला फोटो घरी होता. मुलीबरोबरचा एकही नव्हता. ‘आपल्याकडे एखादा निघेल का? कसाही चालेल,’ असे त्यांनी विचारले. तीर्थरूपांची शिस्त अशी की प्रत्येक निगेटिव्ह कागदी पाकिटात, पाकिटावर अनुक्रमांक आणि वहीत नाव. तासाभरात पाकीट सापडले. चार निगेटिव्ह होत्या, आणि चारांतही ती माउली गादीआड. एकीत मात्र मुलीच्या पाठीवरचा हात कोपरापर्यंत आला होता. मनगटात बांगड्या, बोटे पसरलेली, करंगळी मुलीच्या झबल्याच्या नाडीत अडकलेली. आम्ही तेवढी निगेटिव्ह न कापता मोठ्या कागदावर छापली. बांगड्या हिरव्या होत्या म्हणे. आमच्या कागदावर त्या करड्या उमटल्या. गृहस्थांनी चित्र बराच वेळ पाहिले, कोटाच्या आत घातले आणि छत्री तिरपी धरून निघून गेले. पैशाचा विषय त्यांनी काढला होता. आम्ही तो वाढू दिला नाही.

त्या दिवसापासून आमच्या स्टुडिओत मुलामागचा हात कापीत नाहीत.

जुन्या काळी स्त्रिया चित्राबाहेर राहिल्या त्याला पडदा आणि संकोच ही कारणे होती. लाला दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेस जनान्यासाठी निराळा स्टुडिओ काढून त्याचा कारभार स्त्रीच्याच हाती सोपविला, तो यासाठीच. आमच्या भागात पडदा नव्हता, परंतु दुसरे काही होते. कुटुंबचित्राची मांडणी झाली की घरातील एखादी विधवा आत्या किंवा काकू आपण होऊन दाराआड सरे. शुभप्रसंगीच्या चित्रात तिने यावे कसे, हा प्रश्न कोणी बोलून दाखवीत नसे, इतका तो पक्का होता. तीर्थरूप तेव्हा ठोकून देत, ‘मधोमध उजेड फार येतो आहे, तेथे पांढरे लुगडे हवे; आत्याबाई, आपण बसा पाहू.’ त्यात शास्त्र काडीमात्र नव्हते. पण छायाचित्रकाराच्या शास्त्रापुढे घरातील वडीलधारी मंडळीही गप्प बसत. खोटे बोलण्याचा हा एक प्रकार आम्हांस आजही वंद्य वाटतो.

आता नवजात बालकांविषयी, कारण समोर पुष्कळ तरुण जोडपी दिसत आहेत. हल्ली पाचव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान बाळाचे चित्र काढण्याची पद्धत पडली आहे. त्या दिवसांत बाळ गाढ झोपते व अंग दुमडून निजते. परंतु आपल्याकडे दहा दिवस सुयेर, बाराव्या दिवशी बारसे आणि सव्वा महिना बाळंतीण उंबऱ्याआत. तेव्हा बाळास स्टुडिओत नेण्याऐवजी छायाचित्रकारासच घरी बोलवावे. त्याने हात धुवावेत, सर्दी-खोकला असेल तर येऊच नये. खोली उबदार असावी, पंखा बंद. उघड्या अंगाचे तान्हे मूल फार लवकर गारठते. बाज खिडकीशी घ्यावी आणि बाळाचे डोके खिडकीकडे करावे, म्हणजे उजेड कपाळावरून हनुवटीकडे उतरतो. पाय खिडकीकडे केले तर उजेड नाकाखालून वर चढतो आणि देवासारखे मूल भुतासारखे दिसते. दुसऱ्या बाजूस धुतलेले पांढरे धोतर धरले की सावली मऊ होते. एवढ्या सामग्रीवर आम्ही पन्नास वर्षे काढली. आणि गालावरची तीट कोणी पुसू नये. ती आजीने लावलेली असते; तीही त्या दिवसाची नोंदच आहे.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगावयाची आहे. बाळ पालथे, कोपरे टेकलेली आणि हनुवटी दोन्ही तळव्यांवर, बेडकासारखी बैठक. अशी चित्रे आपण मोबाइलवर पाहता. नवजात बालकास मान सावरत नाही, मग ते असे बसते कसे? तर ते बसत नाही. एका चित्रात कोणी डोके धरलेले असते, दुसऱ्यात मनगटे धरलेली असतात, आणि संगणकावर दोन्ही चित्रे जोडून धरणारे हात पुसून टाकतात. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी आईवर कापड टाकले, आता हात खोडतात! ते चित्र खरे मानून घरच्या घरी तसे करावयास गेल्यास बाळाच्या मानेस व श्वासास अपाय होईल. तसे कदापि करू नये. बाळ आईच्या हातावर असावे, आणि हात दिसावा.

मोठ्या मुलांविषयी थोडक्यात. गुडघे टेकून त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर या. ‘हस, हस’ म्हणू नका. त्याने दात दिसतात, हसू दिसत नाही. संक्रांतीनंतरचे बोरन्हाण ही आमची खरी परीक्षा. काळे झबले, त्यावर पांढरे हलव्याचे दागिने. काळ्याकडे पाहून उजेड मोजला तर हलवा जळून पांढराफटक होतो. म्हणून मुलाच्या गालावरचा उजेड मोजावा. आणि बोरे, चुरमुरे डोक्यावरून पडले की भोवतालची पोरे तुटून पडतात. दोन मिनिटांत सारे आटोपते.

पूर्वी आग्फा क्लिक कॅमेऱ्यात एका रिळावर बारा चित्रे निघत. बारांत सारे वर्ष बसवावे लागे. आज खिशातील यंत्रात हजारो चित्रे मावतात, आणि आमच्या सूनबाईंचे निरीक्षण असे की त्यांत आई बहुधा नसते, कारण यंत्र तिच्याच हातात असते. वडीलमंडळींनी ते अधूनमधून तिच्याकडून मागून घ्यावे. वर्षाकाठी दहा-बारा चित्रे कागदावर छापून घ्यावीत. चिकट पानांच्या अल्बमात लावू नयेत, त्या गोंदाने चित्रे पिवळी पडतात. पाठीमागे कडेला, मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने नावे आणि साल लिहावे. बॉलपेनचा ओरखडा पुढच्या बाजूस उठतो.

नावे लिहिणे सर्वांत निकडीचे आहे. गेल्या वर्षी एका घरी आम्ही सत्तावीस माणसांचे सुरेख कुटुंबचित्र पाहिले. त्यांतील अकरांची नावे घरात कोणासही सांगता आली नाहीत, आणि त्या अकरांत नऊ स्त्रिया होत्या.

सबब उद्या सकाळी नऊपासून भोजनापर्यंत याच मंडपाच्या पूर्वेकडील ओसरीवर आम्ही व सूनबाई टेबल टाकून बसणार आहोत. घरातील जुनी चित्रे घेऊन यावे. पेन्सिली आम्ही आणल्या आहेत. आजींना मात्र आपण आणावे, त्यांची खुर्ची उजेडाकडे मांडून ठेवू.