खारबावहून एक लहानशी धर्मयात्रा

इजिप्तची सहल करून आलेलीं माणसें आतां आपल्या ओळखीपाळखींतहि भेटूं लागलीं आहेत. आठ-दहा दिवसांचा प्रवास, बरोबर एक वाटाड्या, नाईल नदींतील नौका, सकाळीं देऊळ, दुपारीं थडगें, आणि घरीं परतल्यावर छायाचित्रांचा ढीग, असा त्या सहलीचा सामान्यतः क्रम असतो. ज्यांना साधेल त्यांनीं ती अवश्य करावी. परंतु आज मी जी सहल सुचविणार आहें तिला पारपत्र नको, नौका नको; आणि वाटाड्या म्हणाल तर तोहि तेथें मिळावयाचा नाहीं. म्हणून तेवढें काम मी पत्करतों. आरंभ भिवंडी तालुक्यांतील खारबाव स्थानकावरून करूं.

खारबावच कां, असें आपण विचाराल. इजिप्तमध्यें प्राचीन थीबीज नगरीपाशीं नाईलच्या पूर्वतीरावर कर्नाक आणि लुक्सोर येथील देवळें आहेत, तर पश्चिम तीरावर राजांचीं थडगीं आहेत. उगवतीला देव आणि मावळतीला मृत, अशी ती वांटणी. खारबावच्या दोन्ही अंगांसहि योगायोगानें अशीच वांटणी आढळते. हें स्थानक वसई-दिवा लोहमार्गावर आहे. पश्चिमेकडची गाडी धरली कीं कामण आणि जुचंद्र मागें टाकून आपण वसईस उतरतों, आणि तेथून पुढचेंच स्थानक नालासोपारा. तेथें एक प्राचीन स्तूप आहे. उलट दिशेनें गेलें कीं भिवंडी, मग लोनाड, आणि कल्याणवरून अंबरनाथचें शिवालय. दोन रविवार हाताशीं असले म्हणजे झालें.

पहिला रविवार सोपाऱ्याचा. प्राचीन शूर्पारक बंदर तें हेंच. येथील एका उंचवट्याला लोक बुरूड राजाचा कोट म्हणत. जुनागडचे पंडित भगवानलाल इंद्रजी, डॉ. भाऊ दाजी यांचे सहकारी, यांनीं १८८२ सालीं तो खणविला. विटांच्या त्या राशीच्या गाभ्यांत एक दगडी पेटी निघाली. पेटींत तांब्याचा करंडा, आणि त्याच्या भोंवतीं बुद्धाच्या आठ धातुमूर्ति. तांब्याच्या करंड्यांत रुप्याचा, रुप्याच्यांत दगडाचा, त्यांत स्फटिकाचा, आणि सर्वांच्या आंत सोन्याचा! सोन्याच्या करंड्यांत काय होतें? मातीच्या भांड्याचे तेरा लहानसे तुकडे. हे बुद्धाच्या भिक्षापात्राचे अवशेष, अशा श्रद्धेनें तेथें ठेवलेले होते.

आतां चाळीस वर्षें पुढें या. १९२२ सालीं हॉवर्ड कार्टर यांना थीबीजच्या पश्चिम तीरावर तूतनखामेन राजाचें थडगें सांपडलें. तेथेंहि रचना अशीच, एकांत एक. सोन्याच्या पत्र्यानें मढविलेले चार देव्हारे, त्यांत दगडी पेटी, पेटींत एकांत एक तीन शवपेट्या, आणि शेवटची शंभर किलोंहून अधिक वजनाची अस्सल सोन्याची. तिच्या आंत त्या तरुण राजाचा देह.

मला या सहलींत आपणांस दाखवावयाचें तें हेंच. दोन्ही ठिकाणीं माणसानें आपलें मोलाचें तें सोन्यांत ठेविलें. पण एकानें राजाचा देह ठेवला आणि दुसऱ्यानें भिकाऱ्याच्या वाडग्याची माती ठेवली. स्तूप हें रूढ अर्थानें थडगें नव्हे; परंतु मृताच्या अवशेषांवर रचलेली राशि हेंच त्याचें मूळ, आणि म्हणून ही तुलना अप्रस्तुत नाहीं. आणखी एक भेद पाहा. तेथें सापडलेलें नाणें यज्ञश्री सातकर्णी याच्या काळचें, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचें. पण मूर्ति मात्र आठव्या-नवव्या शतकांतल्या. अर्थात् तो ठेवा मधल्या काळांत केव्हां तरी पुनः उघडला गेला असावा, असें जाणकारांचें मत आहे. इजिप्तमधील थडगीं चोरांनीं उघडलीं तीं कांहीं नेण्याकरितां. सोपाऱ्याचा स्तूप कोणीं उघडला तो कांहीं ठेवण्याकरितां! तो सारा ठेवा पुढें मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आला. स्तूपाच्या विटा मात्र जागच्या जागीं आहेत.

याच सोपाऱ्यांत, भातेला तलावाजवळ, भगवानलालांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. इतरत्र पूर्ण मिळालेल्या त्या लेखाचा विषय ऐकून आपणांस नवल वाटेल. तो विषय आहे सहलीचा! पूर्वीचे राजे मृगयेसाठीं आणि करमणुकीसाठीं विहारयात्रा करीत. अशोकानें राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षानंतर त्यांच्या ठिकाणीं धर्मयात्रा सुरू केली. ब्राह्मणांचें, श्रमणांचें आणि वृद्धांचें दर्शन घ्यावें, दान करावें, खेड्यापाड्यांतील लोकांना भेटावें आणि त्यांच्याशीं धर्माविषयीं बोलावें, असें तिचें स्वरूप. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी या आपल्या किनाऱ्यावर दगडांत कोरलेली ही प्रवासाची शिकवण आजच्या कोणत्याहि मार्गदर्शक पुस्तकाहून सरस आहे.

दुसरा रविवार पूर्वेचा. भिवंडीच्या पलीकडे, कल्याणच्या बाजूस लोनाड गांव लागतें. टेकडीच्या कुशींत बौद्ध भिक्षूंसाठीं खोदलेलें लेणें आहे; भिंतीवर राजसभेचा मोठा कोरीव देखावा आहे, आणि आंत आज खांडेश्वरी देवीची पूजा होते. लुक्सोरच्या प्राचीन देवळाच्या आवारांत आज अबू हग्गागची मशीद नांदते आहे, तसाच हा प्रकार. देव बदलले, पण जागेचें पावित्र्य लोकांनीं सोडलें नाहीं. जवळच चौधरपाड्यास शिलाहार राजा केशिदेव याचा शके ११६१ चा, म्हणजे इ. स. १२४० च्या सुमाराचा, ब्रह्मपुरी गांव दान दिल्याचा शिलालेख आहे. शिलाहारांच्या अशा दानशिळांवर माथ्याला बहुधा सूर्य-चंद्र असतात: ते असेपर्यंत दान चालावें, हा त्यांचा अर्थ. आणि पुष्कळदां खालीं दान मोडणाराला दिलेली शिवी कोरलेली असते, तिला गद्धेगाळ म्हणतात.

शेवटीं अंबरनाथ. वालधुनीच्या कांठचें हें काळ्या पाषाणाचें शिवालय शिलाहार छित्तराजानें आरंभिलें असें मानतात. उत्तर दाराच्या तुळईवरील लेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, मुम्मुणि राजाच्या काळचा आहे. वेळ थोडा असेल तर बाहेरच्या शेंकडों मूर्ति मोजीत बसूं नका. एकदां प्रदक्षिणा करा आणि आंत शिरा. इजिप्तच्या देवळांत आंत आंत जावें तसतशी जमीन चढत जाते, छत खालीं येतें, उजेड कमी होतो. आणि अगदीं आंतील गाभारा राजा आणि पुरोहित यांच्याखेरीज कोणाला मोकळा नसे. अंबरनाथला उलट वीसेक पायऱ्या उतरून खालीं जावें लागतें. शिखराचा माथा उघडा असल्यामुळें वरून आभाळाचा उजेड पिंडीवर पडतो, आणि शेजारीं उभी असलेली भाजीवाली बाई आपल्या आधीं हात जोडून मोकळी होते. कर्नाकच्या देवाला आज पुजारी नाहीं. अंबरनाथच्या देवाला साडेनऊशें वर्षांनंतरहि महाशिवरात्रीला यात्रा लोटते.

परंतु श्रोते हो, चालू पूजेवर विसंबून राहतां येत नाहीं. पूजा गाभारा राखते, आवार राखीत नाहीं. वालधुनीचें पाणी कारखान्यांच्या सांडपाण्यानें काळें झालें आहे. भिवंडी-खारबावच्या परिसरांत भाताचीं शेतें भरून गोदामें उठलीं आहेत. बांधावरचा एखादा कोरीव दगड भरावाखालीं गेला, तर त्याबरोबर एका गांवाचें नांव, एका दात्याचें वर्ष आणि सातशें वर्षांपूर्वीची मराठी जाते. इजिप्तनें धरणाच्या पाण्यांतून अबू सिंबेलचें देऊळ १९६४ ते १९६८ या काळांत कापून वर उचललें, तें साऱ्या जगाच्या साहाय्यानें. आपल्या दगडासाठीं एवढा खटाटोप नको. सूर्य-चंद्र कोरलेली शिळा दिसली तर ती हलवूं नये, शेंदूर लावूं नये. ग्रामपंचायतीला सांगावें आणि पुरातत्त्व खात्याला पत्र टाकावें.

आणि जातांना मुलांना बरोबर न्या. वाटेंत भेटेल त्या म्हाताऱ्या माणसाला गांवाची हकीगत विचारा, आणि ती पुरी होईपर्यंत ऐका. एवढें केलेंत कीं आपली विहारयात्रा धर्मयात्रा झाली.